सीझर जेवायला आला : सिसेरोच्या एका पत्राचे भाष्य

इ.स.पू. 45 च्या डिसेंबरात मार्कुस टुल्लियस सिसेरोने नेपल्सच्या आखातावरील आपल्या घरातून रोममधील मित्राला, टायटस पोम्पोनियस अ‍ॅटिकसला, एक पत्र लिहिले. ज्युलियस सीझर नुकताच त्याच्याकडे जेवून गेला होता. अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रांच्या संग्रहात, तेराव्या पुस्तकात हे पत्र 52 वे आहे आणि छापील पानभरसुद्धा नाही. प्रजासत्ताकाच्या अखेरीबद्दल लिहिताना इतिहासकार रुबिकॉन, फार्सालस आणि मार्चमधला सीझरचा खून यांच्याकडे वळतात आणि ते योग्यच आहे. पण त्या राज्यव्यवस्थेचा आत्मा जेवढा सिनेटमध्ये होता, तेवढाच एकमेकांच्या घरी जाण्यायेण्यात, पंगतीत, पत्रव्यवहारात आणि परस्परांच्या उपकारांत होता. बरोबरीची माणसे एकमेकांना भेटत, अडवत, मनवत आणि त्यातून निर्णय होत. या पत्रात भेट आहे, पंगत आहे, गप्पाही आहेत. नाहीशी झाली आहे ती बरोबरी, आणि ती कशी गेली हे दर वाक्यातून दिसत जाते. म्हणूनच हे पत्र वाक्यावाक्याने वाचले पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी. सीझर 55 वर्षांचा, सिसेरो 61 चा. इ.स.पू. 46 मध्ये सीझरला दहा वर्षांसाठी डिक्टेटर केले गेले. 17 मार्च 45 रोजी स्पेनमधल्या मुंडा येथे त्याने यादवीतला आपला प्रतिस्पर्धी पॉम्पी याच्या मुलांचे सैन्य मोडले आणि ऑक्टोबरात रोममध्ये त्या विजयाची मिरवणूक काढली. ती मिरवणूक रोमनांनी रोमनांवर मिळवलेल्या जयाची होती आणि लोकांना ते बोचले होते. सिसेरो हा 63 चा कॉन्सुल. यादवीत तो पॉम्पीच्या बाजूला गेला आणि 47 मध्ये सीझरने त्याला माफ केले. पुढे 45 च्या फेब्रुवारीत त्याची लाडकी मुलगी टुलिया वारली. ते सारे वर्ष त्याने तत्त्वज्ञानावरचे ग्रंथ लिहिण्यात घालवले. अ‍ॅटिकस हा धनाढ्य सावकार आणि सिसेरोचा लहानपणापासूनचा स्नेही. त्याला लिहिताना सिसेरो भाषणातला सिसेरो नसतो. ही पत्रे शतकानुशतके विस्मृतीत होती. 1345 मध्ये पेट्रार्कला व्हेरोनात त्यांची प्रत सापडली, तेव्हा त्यातला कच्चा, भित्रा, चिडका, प्रेमळ माणूस पाहून तो दुखावला होता. मला तोच माणूस अधिक विश्वासाचा साक्षीदार वाटतो.

मूळ पाठ येथे उतरवलेला नाही. प्रत्येक वाक्याचा आशय क्रमाने सांगून त्यावर भाष्य केले आहे.

पहिले वाक्य

पाहुणा मोठा जड होता, तरी तो आल्याचा पस्तावा वाटत नाही, कारण सगळे अतिशय सुखाने पार पडले, अशी सुरुवात आहे. हे संकट टळल्यावर सुटलेल्या माणसाचे बोलणे आहे. अनेक भाष्यकारांना यात खेळकरपणा दिसतो. तो आहेच, पण त्याखाली दोन दिवस छातीवर बसलेले दडपण आहे. पस्तावा नसल्याचे सांगताना सिसेरो लॅटिन सोडून ग्रीककडे वळतो. पुढेही पाहुण्याच्या पोटाचा उपचार, त्याचा लवाजमा, बोलण्यातून वगळलेले विषय अशा नाजूक जागी तो ग्रीकच वापरतो. दोघांची ती घरगुती भाषा होती. अ‍ॅटिकसने तर तरुणपणाची वीसेक वर्षे अथेन्समध्येच काढली होती.

दुसरे वाक्य

सणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीझर शेजारी फिलिप्पसच्या घरी उतरला. ते घर सैनिकांनी इतके भरून गेले, की खुद्द सीझरला जेवायला खोली मोकळी राहते की नाही अशी स्थिती झाली. माणसे दोन हजार होती.

सण सॅटर्नेलियाचा, 17 डिसेंबरला सुरू होणारा. सीझरने सुधारलेले पंचांग त्याच वर्षीच्या 1 जानेवारीपासून लागू झाले होते. त्याआधीचे वर्ष जुने घोटाळे निस्तरण्यासाठी 445 दिवसांचे करावे लागले. म्हणजे नव्या पंचांगातला हा पहिलाच सॅटर्नेलिया. लोक सण कोणत्या दिवशी पाळणार, हेही आता या पाहुण्याच्या हुकमाने ठरलेले होते.

लुसियस मार्सियस फिलिप्पस 56 चा कॉन्सुल. त्याची बायको आतिया ही सीझरची भाची, आणि तिच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा म्हणजे पुढे पहिला सम्राट झालेला ऑक्टेव्हियन. फिलिप्पस त्याचा सावत्र बाप. हा अठरा वर्षांचा मुलगा त्या वेळी समुद्रापलीकडे अपोलोनियात शिकत होता. पत्रात त्याचे नाव नाही आणि असण्याचे कारणही नाही.

खरे महत्त्व आकड्याचे आहे. त्या काळच्या लिजनमध्ये प्रत्यक्षात चार-पाच हजार माणसे असत, म्हणजे पाहुण्यासोबत जवळजवळ अर्धी लिजन होती. रोमन रिवाजात कॉन्सुलपुढे बारा लिक्टर चालत आणि डिक्टेटरपुढे चोवीस. दांड्यांच्या जुड्या घेतलेले हे सेवक म्हणजे सत्तेचे चिन्ह. चिन्ह पुरेसे असे, कारण त्यामागे कायदा उभा होता. शहराच्या पवित्र सीमेच्या आत फौजेला मज्जाव होता. 52 मध्ये मायलोच्या खटल्याच्या वेळी पॉम्पीने फोरमभोवती शिपाई उभे केले, तेव्हा सिसेरो मायलोचा बचाव करायला उभा होता आणि त्याचे भाषण घसरले. हा अनुभव त्याच्या अंगात मुरलेला होता. आता लढाई संपलेली, इटलीत शत्रू नाही, श्रीमंतांचा विश्रांतीचा किनारा, आणि तिथे दोन हजार हत्यारबंद माणसे. सिसेरो आकडा देतो आणि त्यावर शब्दही बोलत नाही. अ‍ॅटिकसला त्यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नव्हती.

तिसरे वाक्य

उद्या आपल्याकडे काय होणार या विचाराने आपण हादरलो, पण कॅसियस बार्बा मदतीला धावला आणि त्याने पहारेकरी दिले. फौजेचा तळ शेतात पडला आणि घर सुरक्षित राहिले.

बार्बा सीझरच्या गोटातला. म्हणजे सीझरच्या शिपायांपासून घर वाचवण्यासाठी सीझरचेच शिपाई मागावे लागले. एका माजी कॉन्सुलाचे घर त्याच्या हक्काने सुरक्षित नाही. ते सुरक्षित आहे ते ओळखीच्या माणसाने वेळेवर दाखवलेल्या मेहरबानीने. नागरिकाचा हक्क कुणाच्या तरी कृपेवर अवलंबून झाला, हा त्या वर्षांतला सर्वांत मोठा बदल, आणि तो येथे एका छोट्या वाक्यात बसला आहे.

शेतात तळ पडला हेही साधे नाही. नेपल्सभोवतीच्या कँपानियाच्या जमिनीत सैनिक आणि जमीनमालक यांचे जुने वैर होते. आधीचा डिक्टेटर सुल्ला याने आपल्या सैनिकांना इटलीत जमिनी वाटल्या होत्या, त्या लोकांच्या हातून काढून घेऊन. 59 मध्ये कॉन्सुल असताना सीझरने कँपानियाची सरकारी जमीन सुमारे 20,000 नागरिकांना वाटली. सिसेरोला हा कायदा कधीच पटला नाही. आता सीझरचे जुने सैनिक पुन्हा याच टापूत वसवले जात होते. स्वतःच्या शेतात राहुट्या पाहणाऱ्या मालकाच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल हे सांगायला नको. पुढच्याच वर्षी सिसेरोने कर्तव्यांवरील ग्रंथात आग्रहाने मांडले, की माणसांनी राज्ये उभारली ती मुख्यतः आपापले आपल्याकडे सुरक्षित राहावे म्हणून. ते वाक्य मालमत्तावाल्याचे आहे हे खरे, आणि भूमिहीन सैनिकाची बाजू सिसेरोने कधी मनापासून ऐकली नाही हेही खरे. सिनेटने वेळीच सैनिकांच्या जमिनीची सोय केली असती, तर ते एकेका सेनापतीच्या मागे गेले नसते. त्या रात्री शेतात झोपलेल्या दोन हजारांपैकी कितीजणांकडे स्वतःची वीतभर जमीन होती, याची चिंता या पत्रात नाही.

चौथे वाक्य

तिसऱ्या दिवशी सीझर सातव्या तासापर्यंत फिलिप्पसकडेच होता. कुणालाही आत घेतले नाही. बहुधा बाल्बसबरोबर हिशेब चालले असावेत, असा सिसेरोचा तर्क.

रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्ताचे बारा भाग करत, त्यामुळे डिसेंबरातला तास आपल्या पाऊण तासाएवढा. सातवा तास म्हणजे मध्यान्हानंतरचा. सकाळ ही रोममध्ये भेटीची वेळ. आश्रित, मित्र, उमेदवार, अर्जदार दारात जमत आणि मोठा माणूस त्यांना भेटे. ही केवळ शिष्टाई नव्हती. मते, शिफारशी, जामीनकी, लग्नसंबंध, सारे या सकाळच्या गर्दीतून ठरे. जो दार उघडे ठेवतो तो मोठा, हे तिथले गणित. सीझरने त्या दिवशी दार बंद ठेवले.

पुढे 44 च्या एप्रिलमध्ये, सीझरच्या खुनानंतर, सीझरचा मित्र मॅटियसने सिसेरोला एक गोष्ट सांगितली. एकदा सिसेरो सीझरच्या दाराबाहेर ताटकळत बसला होता. ते पाहून सीझर म्हणाला होता, की सिसेरोसारख्याला बसून राहावे लागते आणि सोयीने मला भेटता येत नाही, तेव्हा लोक माझा किती द्वेष करत असतील यात मला शंका कशी असेल? सीझरला कळत होते. ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण कळूनही दार उघडण्याचा मार्ग त्याच्याकडे उरला नव्हता. सगळे निर्णय एकाच माणसाकडे आले की भेटीसाठीची रांग संपतच नाही.

आणि आत कोण होते? लुसियस कॉर्नेलियस बाल्बस. स्पेनच्या गादेसचा, म्हणजे आजच्या काडिझचा. त्याला पॉम्पीने रोमन नागरिकत्व दिले. 56 मध्ये त्या नागरिकत्वावर खटला झाला तेव्हा त्याचा बचाव करणाऱ्यांत खुद्द सिसेरो होता. नंतर तो सीझरचा उजवा हात झाला. सिनेटर नसलेला हा माणूस ओप्पियस नावाच्या सहकाऱ्याबरोबर सीझरच्या गैरहजेरीत रोमचा कारभार पाहत असे. 40 मध्ये तो कॉन्सुल झाला, इटलीबाहेर जन्मलेला पहिला कॉन्सुल. सिसेरोच्या मनात त्याच्याविषयी कडवटपणा का असेल, याचे एक कारण अगदी ताजे होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सिसेरोने सीझरला राज्यकारभाराविषयी सल्ला देणारे पत्र लिहिले. अ‍ॅटिकसने ते आधी बाल्बस-ओप्पियसला दाखवायला सुचवले. त्यांनी इतके बदल सांगितले, की सिसेरोने पत्र पाठवायचेच रद्द केले. पस्तीसेक वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यानंतर सल्ला देण्याआधी मंजुरी घ्यावी लागली आणि ती मिळाली नाही.

हिशेब हा शब्दही जपून वाचावा. प्रजासत्ताकात खजिन्याचा हिशेब सिनेटपुढे असे. आता तो एका खासगी घरात, बंद दाराआड, दोन माणसांत होतो. सिसेरो तर्काने बोलतो, कारण त्याला सांगणारे कोणी नव्हते.

पाचवे वाक्य

मग तो किनाऱ्यावर फिरला आणि आठव्या तासानंतर स्नानाला गेला. यावर सांगण्यासारखे फार नाही. जेवणाआधी फेरफटका आणि हमाम, हा चांगल्या रोमन घरचा नेहमीचा क्रम. फक्त लक्षात ठेवायचे ते हे, की पाहुण्याच्या एकेका हालचालीची वेळ यजमानाला ठाऊक आहे. तो सकाळपासून त्याच्यावर नजर लावून बसला होता.

सहावे वाक्य

स्नानाच्या वेळी सीझरने मामुर्राविषयी काहीतरी ऐकले. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

काय ऐकले ते पत्र सांगत नाही, कारण अ‍ॅटिकसला ते माहीत होते. मामुर्राच्या मृत्यूची बातमी असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. उधळपट्टीविरोधी कायद्याखाली त्याच्यावर झालेल्या कारवाईची असावी, असेही काहींचे मत आहे. मला पहिले अधिक पटते. चेहरा न बदलणे ही नोंद करण्याजोगी गोष्ट ठरते ती बातमी जिव्हारी लागण्यासारखी असेल तरच.

मामुर्रा फॉर्मियेचा, घोडदळी वर्गातला, गॉलमध्ये सीझरचा मुख्य अभियंता. पूल, तटबंद्या, वेढ्याची यंत्रे त्याच्याकडे. गॉलच्या लुटीतून तो इतका गबर झाला, की रोममध्ये घराच्या भिंती संगमरवराने मढवणारा तो पहिला, अशी नोंद प्लिनीने केली आहे. कवी कॅटलसने त्याच्यावर आणि त्याच्या आडून सीझरवर विखारी कविता केल्या. आपल्या नावाला कायमचा डाग लागला, हे सीझरने मान्य केले. तरीही कवीने माफी मागताच त्याच दिवशी त्याला जेवायला बोलावले, असे चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. त्या काळी निंदा होई, राग येई, पुन्हा पंगत बसे. बरोबरीच्या माणसांतला तो हिशेब होता. आता असा कवी आहे कुठे? कॅटलस तोवर हयात नव्हता आणि त्याची जागा घेणारा कोणी पुढे आला नव्हता.

सिसेरो चेहरा पाहतो ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिनेटमध्ये माणूस काय बोलतो ते ऐकायचे असते आणि दरबारात तो कसा दिसतो ते पाहायचे असते. ज्याने आयुष्यभर भाषणे केली, तो आता चेहरा वाचण्याच्या उमेदवारीला लागला आहे.

सातवे वाक्य

तेल चोळून घेऊन सीझर मंचकावर जेवायला पहुडला. वमनाचा उपचार चालू होता, म्हणून त्याने मोकळेपणी, आनंदाने खाल्ले-प्याले. बेत भारी होता, आणि तेवढेच नाही, तर रांधलेले आणि बोललेले दोन्ही रुचकर होते. येथे सिसेरो जुन्या उपरोधकवी ल्युसिलियसचे शब्द आपल्या वाक्यात गुंफतो.

वमनाचा उल्लेख आजच्या वाचकाला ओंगळ वाटतो. तो त्या काळचा वैद्यकीय उपचार होता. वैद्याच्या सांगण्यावरून घ्यायचा आणि त्यामुळे जेवताना पथ्य पाळावे लागत नसे. पण येथे या उपचाराला दुसरेच वजन आहे, आणि त्यासाठी एक महिना मागे जावे लागते. नोव्हेंबर 45 मध्ये सिसेरोने गॅलेशियाचा राजा देयोटारस याचा बचाव केला होता. आरोप असा, की 47 मध्ये सीझर त्याच्याकडे पाहुणा असताना त्याने सीझरला मारण्याचा कट केला होता. फिर्याद राजाच्या नातवाची, साक्ष राजाच्या गुलाम वैद्याची. कट म्हणे असा होता, की जेवणानंतर सीझर ओकारीसाठी जाईल तेव्हा त्याला गाठायचे. हा खटला फोरममध्ये चालला नाही. तो सीझरच्याच घरात चालला. ज्याच्या खुनाचा कट म्हणून आरोप, तोच न्यायाधीश. सिसेरोने त्या भाषणात हे बोलूनही दाखवले, की लोकांच्या गर्दीविना, चार भिंतींत भाषण करायची ही रीत मला परकी आहे.

आता हे वाक्य पुन्हा वाचावे. सीझरसारखा पाहुणा, घरात जेवण, तोच उपचार, आणि यजमान म्हणून सिसेरो. महिन्यापूर्वी ज्या आरोपातून त्याने दुसऱ्याला सोडवायचा प्रयत्न केला, त्याच आरोपाच्या जागेवर तो स्वतः बसलेला. पाहुण्याच्या पोटात साधी कळ जरी आली असती, तर बाहेर शेतात दोन हजार माणसे होती. सीझरने निर्धास्तपणे खाल्ले, हे सिसेरोने लिहिले त्यात त्याचा स्वतःचा सुटकेचा श्वास आहे.

आणखी एक. 46 मध्ये सीझरने खाण्यापिण्याच्या उधळपट्टीवर कायदा केला होता. बाजारात पहारे बसवले, आणि कधीकधी शिपाई थेट लोकांच्या जेवणघरात शिरून वर्ज्य पदार्थ उचलून नेत. तोच कायदेकर्ता या भारी बेतापुढे बसला होता.

आठवे वाक्य

शिवाय त्याच्या भोवतीच्या माणसांना तीन जेवणघरांत भरपूर वाढले. कनिष्ठ दर्जाच्या मुक्त गुलामांना आणि गुलामांना काही कमी पडले नाही, आणि वरच्या दर्जाच्या मुक्त गुलामांचा तर थाटात सत्कार केला.

मराठीत ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात तो येथे उघड आहे, आणि सिसेरोला त्यात काही खटकत नाही. एका त्रिक्लिनियममध्ये तीन मंचक आणि साधारण नऊ माणसे. तीन खोल्या म्हणजे पंचवीसेक निवडक सोबती. त्यांच्याखाली मुक्त केलेले गुलाम, त्यांतही वरचे आणि खालचे, आणि तळाशी गुलाम. सॅटर्नेलियात मालक गुलामांना वाढतात, दर्जे क्षणभर उलटतात, अशी प्रथा. या घरात त्याच सणाच्या दिवशी पायऱ्या नेहमीपेक्षाही काटेकोर पाळल्या गेल्या.

मुक्त गुलामाच्या पानाची यजमानाने एवढी काळजी का घ्यावी? सिसेरोच्या तरुणपणी दुसऱ्याचा मुक्त गुलाम म्हणजे निरोप्या. आता सीझरचे सेवक राज्य चालवत होते. टांकसाळ आणि सरकारी महसूल त्याने स्वतःच्या गुलामांकडे सोपवला होता आणि अलेक्झांड्रियात ठेवलेल्या तीन लिजन त्याच्या एका मुक्त गुलामाच्या मुलाच्या हाताखाली होत्या. स्वेटोनियस ही यादी देतो ती सीझरच्या उद्दामपणाचे पुरावे म्हणून. माझ्या मते त्यात उद्दामपणापेक्षा गरज जास्त आहे. सिनेटरांवर विश्वास नाही, आणि नोकरशाही अजून जन्मलेली नाही. अशा वेळी राज्य चालवायला घरची माणसेच उरतात. पुढे शंभर वर्षांनी सम्राट क्लॉडियसचे मुक्त गुलाम मंत्र्यांसारखे वागू लागले, त्याचे बीज या खालच्या पंगतीत आहे. सिसेरोला ते दिसले असो वा नसो, कुणाचे पान कसे वाढायचे ते त्याच्या हातांना बरोबर कळले.

गुलामांना कमी पडले नाही, एवढेच त्यांच्याविषयी वाक्य. ज्यांनी दोन हजारांच्या फौजेशेजारी हा स्वयंपाक रांधला, पाणी भरले, हमाम तापवला, त्यांचे नाव या पत्रात कुठेही नाही.

नववे व दहावे वाक्य

आपण माणसांत बसण्याजोगे ठरलो, असे सिसेरो समाधानाने म्हणतो. मात्र हा पाहुणा असा नव्हे, की ज्याला म्हणावे, परतताना पुन्हा इकडे या. एकदा झाले ते पुष्कळ. आर्पिनमसारख्या गावातून आलेल्या, घराण्यात आधी कोणी कॉन्सुल नसलेल्या माणसाला आपले घर कमी पडले नाही याचा अभिमान आयुष्यभर होता, तोच येथे बोलतो आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. आणि परत येण्याचे निमंत्रण न देणे हा रोमन शिष्टाचारात मोठा अभाव. परत बोलावणे हेच तर मैत्रीचे बंधन.

अकरावे वाक्य

बोलण्यात गंभीर काही नव्हते, वाङ्मयाचे मात्र पुष्कळ होते.

माझ्या मते पत्राचा गाभा हाच. ही दोन माणसे त्या काळच्या लॅटिन गद्याची दोन शिखरे. गॉलच्या मोहिमांच्या धामधुमीत सीझरने भाषेच्या नियमांवर ग्रंथ लिहिला आणि तो सिसेरोला अर्पण केला. 46 मध्ये सिसेरोने सीझरचा कट्टर विरोधक असलेल्या मृत केटोची स्तुती लिहिली. सीझरने तलवारीने उत्तर दिले नाही, उलट पुस्तक लिहून खंडन केले आणि त्यात सिसेरोच्या शैलीची वाखाणणी केली. शैलीवर दोघांना मनापासून बोलता येई, आणि त्या दिवशीचा आनंद खोटा नव्हता. मी ते मानतो. दोघांनाही त्या तोडीचा श्रोता दुसरा मिळणार नव्हता.

पण काय बोलले गेले नाही ते पाहावे. निवडणुका कधी मोकळ्या होणार? सिनेटला काही अधिकार उरणार का? सीझरने तिची संख्या 900 पर्यंत वाढवली होती, आणि ठरावांवर उपस्थित नसलेल्यांची नावे परस्पर घातली जात. सिसेरोने स्वतः एका मित्राला लिहिले होते, की ज्यांचे नावही कधी ऐकले नाही असे दूरचे राजे, मला राजा म्हणवण्यात तुमचे मत होते, म्हणून माझे आभार मानतात. पार्थियावरची मोहीम ठरत होती, मग मागे रोम कोण पाहणार? यांतले एकही वाक्य त्या मंचकावर निघाले नाही. बारा दिवसांनी, 31 डिसेंबरला, एक कॉन्सुल अचानक वारला. सीझरने उरलेल्या काही तासांसाठी कॅनिनियस रेबिलसला कॉन्सुल निवडून घेतले. सिसेरोने त्यावर मित्राला लिहिलेल्या पत्रात थट्टा केली, पण त्याच पत्रात तो म्हणतो, की हे पाहिले असतेस तर तुला रडू आवरले नसते. ज्या पदासाठी त्याने जिवाचे रान केले होते, ते पद एका दुपारची बक्षिसी झाले होते.

सिसेरोने बोलायला हवे होते का? त्याला भित्रा ठरवणारे पुष्कळ आहेत. माझा कौल तसा नाही. मे महिन्यात त्याने बोलून पाहिले होते आणि ते कुठे अडले ते आपण पाहिले. पुढच्याच वर्षी, सीझरच्या खुनानंतर, सीझरचा सहकारी अँटनी याच्याविरुद्ध तो बोलला आणि 7 डिसेंबर 43 रोजी त्या बोलण्याची किंमत मान देऊन चुकवली. त्या पंगतीतला मौनाचा दिवस त्या शेवटासकट वाचला पाहिजे.

बारावे वाक्य

पाहुणा खूश होता, मजेत होता. एक दिवस पुटिओलीला, एक बायेला राहणार म्हणाला. पुटिओली हे पूर्वेकडच्या व्यापाराचे मोठे बंदर, बाये हे गरम झऱ्यांचे चैनीचे ठिकाण. एवढ्यावर पुढे जावे.

तेरावे वाक्य

सिसेरो वर्णन आवरते घेतो. हा पाहुणचार म्हणा किंवा फौजेचा मुक्काम म्हणा, मला तो नकोसा होता, पण त्रासाचा ठरला नाही.

फौजेचा सक्तीचा मुक्काम ही रोमनांनी प्रांतांवर लादलेली गोष्ट. थंडीत लिजन गावात उतरवायची, गावाने छप्पर, धान्य, सरपण द्यायचे आणि शिपायांचा छळ सोसायचा. सिसेरोला हे आतून ठाऊक होते, कारण 51-50 मध्ये तो सिलिशियाचा राज्यपाल होता. त्याच्या आधी सायप्रसची गावे फौज उतरवू नये म्हणून राज्यपालाला 200 अ‍ॅटिक टॅलेंट देत. सिसेरोने ते घेणे बंद केले आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. त्याच बेटावर सलामिस नगराकडून ब्रूटसची माणसे शेकडा 48 दराने व्याज मागत होती, आणि तिथल्या सिनेटरांना सभागृहात घोडेस्वारांनी कोंडल्यामुळे पाचजण उपाशी मेले होते. घोडेस्वार सिसेरोने हटवले. व्याजाचा वाद मात्र त्याने, मित्राच्या भिडेखातर, निकाली न काढता सोडला.

जे सायप्रस-सिलिशियाच्या गावांनी पिढ्यान्पिढ्या सोसले, ते आता इटलीत, माजी कॉन्सुलाच्या शेतात उतरले. या अनुभवाला नाव द्यायला सिसेरोने नेमका प्रांतांत चालणारा ग्रीक शब्द उचलला. हा मला योगायोग वाटत नाही. प्रजासत्ताकाने साम्राज्य मिळवले ते अशाच फौजांच्या जोरावर, आणि त्या फौजांना मालकाचे घर ओळखायला कुणी शिकवले नव्हते. ही जाणीव त्याच्या मनात पुरती उमटली, असे म्हणण्याइतका आधार एका शब्दात नाही. पण शब्द तिथे आहे.

शेवटची वाक्ये

मी थोडे दिवस इथे आहे, मग टस्क्युलमला जाईन. आणि एक बातमी : डोलाबेल्लाच्या घरावरून जाताना सीझरच्या घोड्याच्या उजव्या-डाव्या बाजूंनी सगळी हत्यारबंद फौज उभी राहिली, असे इतरत्र कुठेही झाले नाही. हे निसियासकडून कळले.

पब्लियस कॉर्नेलियस डोलाबेल्ला हा सिसेरोचा माजी जावई. टुलियाशी त्याची फारकत झाली होती, आणि परत करायच्या हुंड्याचे पैसे तो देत नव्हता. सिसेरो त्यासाठी पुढेही तगादा लावत राहिला. 47 मध्ये ट्रिब्यून असताना कर्जमाफीच्या प्रश्नावर त्याने रोममध्ये दंगली पेटवल्या होत्या. तरी सीझरचा त्याच्यावर लोभ होता, आणि पार्थियाला निघताना आपली कॉन्सुलची जागा त्याला द्यायचे ठरले होते. ती मानवंदना होती की धोक्याच्या जागी घेतलेली खबरदारी, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. मी मानवंदना मानतो, कारण सिसेरोने ती सांगण्यासारखी बातमी मानली. कोणाच्या दारापुढे फौज ताठ उभी राहते, यावरून उद्या कोण वर चढणार ते वाचायचे दिवस आले होते. आणि ते वाचणारा निसियास हा कोसचा व्याकरणपंडित, डोलाबेल्लाच्या उठबशीतला.

या हत्यारबंद माणसांचे पुढे काय झाले हे सांगून भाष्य थांबवतो. 44 च्या सुरुवातीला सिनेटने सीझरच्या रक्षणाची शपथ घेतली, आणि त्या शपथेवर विसंबून त्याने आपले स्पॅनिश अंगरक्षक दूर केले. 15 मार्चला तो सिनेटमध्ये गेला तेव्हा सोबत एकही शिपाई नव्हता. शपथ घेतलेल्या सिनेटरांपैकीच काहीजण अंगरख्याखाली खंजीर घेऊन बसले होते. सिसेरोला त्या कटात घेतलेले नव्हते.